तिखटमिठाच्या स्वयंपाकात चहा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चहाची पत्ती हा एक मसाला आहे, असं धरून ही उत्तरं लिहिली आहेत. पेय म्हणून चहा सगळ्यांना ठाऊक असतो. पण मीठ, तेल, कांदा, कडधान्यं, अंडी, मासे यांच्या सोबतीला तो काय करतो हे पाहायला लागलं की त्याची वेगळीच बाजू कळते. ही बाजू स्वयंपाकघरात जास्त वापरली जावी, असं मला मनापासून वाटतं.

चहा घातला की पदार्थाला चहाची चव येते का?

बेताने घातला तर नाही. खाणाऱ्याला पदार्थ जरा भरदार, जरा खोल लागतो, पण कशामुळे ते चटकन ओळखता येत नाही. चहातून चार गोष्टी मिळतात. पहिली, तुरटपणा. तो तेलकट, स्निग्ध पदार्थाचा जडपणा कापतो. दुसरी, सुगंध. तो प्रकाराप्रमाणे फुलांसारखा, गवतासारखा, मातीसारखा किंवा धुरकट असतो. तिसरी, रंग. आणि चौथी, जिच्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही, ती म्हणजे उमामी, म्हणजे मांसाच्या अर्कासारखी भरदार चव. चहाच्या पानात थियानिन आणि ग्लुटामिक आम्ल ही अमिनो आम्लं असतात. विशेषतः सावलीत वाढवलेल्या जपानी ग्योकुरो आणि माचा (पूड केलेला हिरवा चहा) या चहांत थियानिन भरपूर असतं. म्हणूनच असा चहा नीट काढला तर त्याला जवळपास सूपसारखी गोडसर-खारट चव येते. भाज्यांच्या रश्शात मांसाचा अर्क नसल्याची उणीव भासते ना, ती हा चहा बऱ्यापैकी भरून काढतो.

पदार्थ कडू किंवा तुरट होऊ नये म्हणून काय करायचं?

एवढं एकच उत्तर लक्षात ठेवलंत तरी चालेल: चव दाट हवी असेल तर पत्ती वाढवा, वेळ वाढवू नका.

पिण्यासाठी एका कपाला साधारण २ ते २.५ ग्रॅम पत्ती लागते. स्वयंपाकासाठी अर्धा लिटर पाण्याला ८ ते १० ग्रॅम घ्या. काळा चहा असेल तर उकळतं पाणी ओतून ३ ते ४ मिनिटं झाकून ठेवा आणि लगेच गाळा. हिरव्या चहाला उकळतं पाणी नको. ७० ते ८० अंशांचं पाणी आणि २ मिनिटं पुरतात. सुगंध आणि कॅफीन लवकर उतरतात. तुरट द्रव्यं मात्र पानं पाण्यात असेपर्यंत, आणि पाणी जितकं गरम तितकी जास्त, उतरत राहतात. म्हणून पानांसकट रस्सा अर्धा तास रटरटत ठेवला की चव बिघडणारच. गाळलेला कोरा चहा वापरून तोच रस्सा शिजवला तर तुरटपणाची मात्रा आधीच ठरलेली असते.

पण एक धोका उरतो. पाणी आटलं की तुरटपणाही दाट होतो. रस्सा निम्मा आटवायचा असेल तर चहा अगदी शेवटी घाला किंवा सुरुवातीलाच निम्म्या पत्तीचा काढा.

ज्यांना तुरटपणा मुळीच नको त्यांच्यासाठी थंड पाण्याचा मार्ग आहे. १० ग्रॅम पत्ती अर्धा लिटर थंड पाण्यात घालून फ्रिजमध्ये ६ ते ८ तास ठेवा. थंड पाण्यात थियानिन बऱ्यापैकी उतरतं, कडू-तुरट द्रव्यं मात्र कमी उतरतात. हिरव्या चहाचा असा अर्क काकडीच्या थंड सूपमध्ये किंवा माशाच्या हलक्या रश्शात फार सुरेख लागतो.

कोणता चहा कशात घालायचा?

ठाम नियम नाहीत, पण माझी मतं ठाम आहेत.

धुरकट चहा म्हणजे लॅपसांग सूचाँग. चीनच्या फूजियान प्रांतातल्या वूयी डोंगरांत ही पत्ती पाइनच्या लाकडाच्या धुरावर वाळवली जाते. शाकाहारी स्वयंपाकासाठी मला याहून मोलाचा चहा माहीत नाही. राजमा, मसूर, भाजलेली वांगी, मशरूम, टोमॅटोचं सूप, कशातही अर्धा कप गाळलेला लॅपसांग घाला, चुलीवर शिजवल्याचा भास होतो. तो जपून घाला, कारण त्याचा वास पटकन वरचढ होतो.

पू-एर हा चीनच्या युन्नान प्रांतातला आंबवून मुरवलेला चहा. त्याला ओल्या मातीसारखा वास असतो. मशरूम आणि मंद आचेवर शिजणारं मटण हे त्याचे खरे सोबती. पहिलं गरम पाणी काही सेकंदांत ओतून टाका आणि दुसऱ्या पाण्याचा अर्क वापरा.

जाईच्या फुलांचा वास दिलेला हिरवा चहा भात, मासे आणि कोळंबी यांच्यासाठी. उलाँग, म्हणजे हिरव्या आणि काळ्याच्या मधला चहा, कोंबडीसाठी आणि भाजलेल्या कंदांसाठी. होजिचा हा भाजलेला जपानी चहा. त्याचा तुरटपणा कमी आणि खमंगपणा जास्त, त्यामुळे नवख्यांनी हाच आधी घ्यावा. अर्ल ग्रेमध्ये बर्गामोट या लिंबूवर्गीय फळाचा वास असतो. तो बदकाच्या किंवा गाजराच्या पदार्थात शोभतो, कांदा-लसणाच्या झणझणीत वाटणाशी मात्र त्याचं पटत नाही.

घरात फक्त रोजची सीटीसी, म्हणजे यंत्रात चुरून दाणेदार केलेली पूड आहे. चालेल का?

चालेल, पण जिथे रंग आणि जोर हवा असेल तिथेच. दाणेदार पूड चटकन उतरते आणि चटकन तुरट होते. २ मिनिटांत गाळा. नाजूक पदार्थांत ती नको.

दूध-साखर घातलेला चहा किंवा तयार प्रीमिक्स वापरता येईल का?

नाही. साखर आणि दूधपूड पदार्थाची चव फिरवतात. आलं-वेलचीची मसाला पूडही टाळा. मसाले आपण आपल्या बेताने घालावेत.

दूध किंवा लोणी आणि चहा यांचं खाऱ्या पदार्थांत जमत नाही, असा मात्र याचा अर्थ नाही. तिबेटमध्ये विटेसारख्या दाबलेल्या चहाचा अर्क, लोणी आणि मीठ घुसळून पितात आणि त्यातच भाजलेल्या सातूचं पीठ कालवून खातात. मंगोलियात मिठाच्या दुधाळ चहात कधी मांसाचे उकडलेले मोमोही पडतात. दुधातलं केसिन हे प्रथिन तुरट द्रव्यांना धरून ठेवतं, म्हणून असा चहा जिभेला मऊ लागतो. हेच तत्त्व आपल्या कामाचं आहे. चहाच्या रश्शात शेवटी साय, लोणी किंवा नारळाचं दूध घातलं की तुरटपणाची धार उतरते.

चहात मुरवलेली अंडी कशी करतात? ती संगमरवरी नक्षी कशी येते?

चीनमध्ये आणि तैवानमध्ये ही अंडी घराघरांत होतात. चहाचा स्वयंपाक शिकायचा तर इथून सुरुवात करावी, कारण यात बिघडण्यासारखं फार थोडं आहे.

६ अंडी ८ मिनिटं उकळा आणि थंड पाण्यात टाका. आता कवच सोलायचं नाही, फोडायचं. अंडं हातात धरून चमच्याच्या पाठीने हलक्या हाताने सगळीकडून ठोका. ठोकताना आवाज बदलतो. आधी टणक, मग भेगा पडल्या की जरा पोकळ. सगळ्या अंड्यावर भेगांचं जाळं दिसलं पाहिजे, पण कवच गळून पडता कामा नये. आतला पातळ पापुद्राही शक्यतो टिकू द्या. या भेगांतून काढा आत झिरपतो, म्हणून पांढऱ्या भागावर तपकिरी रेषा उमटतात. भेगा बारीक आणि जवळजवळ असल्या की नक्षी नाजूक येते. मोजून दोनच टोले घातले तर दोन जाड डाग पडतात.

काढ्यासाठी पाऊण लिटर पाणी, २ मोठे चमचे काळा चहा, ४ मोठे चमचे सोया सॉस, १ चक्रफूल, दालचिनीचा तुकडा, चिमूटभर मिरी, अर्धा चमचा मीठ आणि १ चमचा साखर. त्यात अंडी सोडून अगदी मंद आचेवर अर्धा तास ठेवा. पाणी थरथरलं पाहिजे, खदखदायला नको. निवली की काढ्यासकट फ्रिजमध्ये रात्रभर मुरवा. खरी चव या मुरण्यात येते.

इथे पत्ती न गाळता शिजवतो, मग वर सांगितलेल्या नियमाचं काय? काढा आपण पीत नाही, तो टाकून देतो. अंड्याच्या पोटात जातो त्याचा थोडासा अंश, आणि अंड्यातली प्रथिनं तुरट द्रव्यांना बांधून घेतात.

छोल्यांत चहा कशाला घालतात?

मुख्यतः रंगासाठी. चहातली रंगद्रव्यं छोल्यांच्या सालीत बसतात आणि दाणे गडद तपकिरी होतात. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर चहाचा रंग आणखी काळपट होतो, कारण अल्कधर्मी पाण्यात चहा गडद होतो आणि लिंबू पिळलं की फिकटतो. पत्तीची पुरचुंडी कुकरमध्ये टाकण्याची पद्धत प्रचलित आहे. मला गाळलेला चहा बरा वाटतो. २५० ग्रॅम भिजवलेल्या छोल्यांना २ छोटे चमचे पत्तीचा, ४ मिनिटांत गाळलेला चहा घ्या आणि बाकी साधं पाणी. रंग जरा कमी येईल, पण कुकरमध्ये अर्धा तास शिजलेल्या पत्तीचा उग्रपणा राहत नाही. आंबट काहीही, मग तो टोमॅटो असो वा आमचूर, छोले मऊ झाल्यावरच घाला. आंबटात ते लवकर शिजत नाहीत.

तेलात किंवा लोण्यात चहा उतरवता येतो का?

येतो, आणि ही युक्ती फार कमी लोक वापरतात याचं मला आश्चर्य वाटतं. चहाचा बराचसा सुगंध तेलात विरघळतो, तुरट द्रव्यं मुख्यतः पाण्यात विरघळतात. म्हणजे तेलात सुगंध येतो आणि तुरटपणा बव्हंशी पानातच राहतो.

१०० ग्रॅम लोणी अगदी मंद आचेवर वितळवा. त्यात १ मोठा चमचा पत्ती घालून आच बंद करा आणि १० ते १५ मिनिटं झाकून ठेवा. मग बारीक गाळणीतून गाळा. पत्ती तडतडू द्यायची नाही. जळली की सगळं लोणी कडू होतं, त्याला उपाय नाही. लॅपसांगचं लोणी भाजलेल्या मक्यावर किंवा उकडलेल्या बटाट्यावर लावून बघा. जाईच्या चहाचं तेल माशावर वरून सोडा. फोडणीत मात्र हे तेल वापरू नका, तिथल्या आचेवर नाजूक सुगंध उडून जातो.

चहाच्या धुराची धुरी घरच्या घरी देता येते का?

येते. चीनच्या सिचुआन प्रांतातलं प्रसिद्ध बदक असंच होतं. ते मसाल्यात मुरवून, चहाच्या आणि कापराच्या झाडाच्या धुरात धुपवून, मग वाफवून शेवटी तळतात. घरी एवढा खटाटोप नको.

जुनी, जाड लोखंडी कढई घ्या. नॉनस्टिक मुळीच नको, रिकामी तापवल्यावर तिचा लेप खराब होतो. तळाला ॲल्युमिनियम फॉइलचे दोन थर घाला. त्यावर पाव वाटी कच्चे तांदूळ, पाव वाटी साखर आणि पाव वाटी पत्ती मिसळून पसरा. तांदळामुळे मिश्रण भसकन पेटत नाही, साखरेमुळे रंग येतो, पत्तीमुळे वास. वर जाळी आणि जाळीवर पदार्थ. मोठ्या आचेवर धुराच्या रेषा दिसू लागल्या की घट्ट झाकण लावा आणि आच मध्यम करा. ८ ते १० मिनिटांनी आच बंद करा आणि आणखी १० मिनिटं झाकण उघडू नका. खिडक्या आधीच उघडा आणि पंखा सुरू ठेवा.

दोन गोष्टी नेमक्या सांभाळायच्या. पदार्थाचा पृष्ठभाग कोरडा हवा, कारण ओल्या पृष्ठभागावर धूर चिकटून आंबट-कडवट थर बसतो. पनीर, टोफू, मशरूम, उकडलेली अंडी फडक्याने टिपून घ्या. आणि दुसरं, एवढ्या वेळात कोंबडीचा जाड तुकडा शिजत नाही. तो आधी वाफवून घ्या किंवा नंतर पूर्ण शिजवा.

चहामुळे मांस मऊ होतं हे खरं आहे का?

असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं, पण मला ते पटत नाही. वनस्पतींतली तुरट द्रव्यं प्रथिनांना आवळून धरतात. कातडं कमावताना नेमकं हेच घडवून आणतात. चहाच्या खाऱ्या पाण्यात मुरवलेली कोंबडी रसरशीत लागते ती मिठामुळे. मीठ मांसात पाणी धरून ठेवतं, चहा रंग आणि वास देतो.

असं पाणी करायचं असेल तर १ लिटर पाणी, ५० ग्रॅम मीठ, १५ ग्रॅम पत्ती. ४ मिनिटांत गाळा, पूर्ण गार करा, मग त्यात कोंबडी बुडवून फ्रिजमध्ये ठेवा. बिनहाडाच्या तुकड्यांना २ तास, हाडासकट तुकड्यांना ४ ते ६ तास. बाहेर काढून कोरडी करून भाजा. ते पाणी पुन्हा वापरू नका.

भात चहात शिजवावा की शिजलेल्या भातावर चहा ओतावा?

दोन्ही करतात. जपानमध्ये वाडग्यातल्या भातावर गरम हिरवा चहा ओतून, सोबत उमेबोशी (खारवलेलं आंबट जपानी फळ), नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ) किंवा भाजलेला सामन मासा घेऊन खातात. त्याला ओचाझुके म्हणतात. भात आदल्या दिवशीचा असला तरी चालतो. चहा बेताचा तुरट आणि वरचे पदार्थ चांगले खारे हवेत. मीठ कडवटपणा दाबतं, त्यामुळे हे दोघं एकमेकांना सावरतात.

शिजवताना पाण्याऐवजी चहा घेतला तर हिरव्यापेक्षा जाईचा किंवा होजिचा बरा. उष्णतेने हरितद्रव्य बदलतं आणि हिरवा चहा मळकट पिवळा होतो. माचाचंही तेच. म्हणून माचा शिजवू नका, शेवटी भुरभुरा. १ भाग माचा आणि ३ भाग बारीक मीठ एकत्र करून भज्यांवर किंवा टेंपुरावर घ्या, हिरवा रंग टिकतो.

चहाची पानं खाता येतात का?

हो. म्यानमारमध्ये तर पानं आंबवून त्यांचं लोणचं घालतात. त्याला लाफेत म्हणतात. तळलेल्या डाळी, शेंगदाणे, तीळ, लसूण, टोमॅटो किंवा कोबी आणि लिंबू यांच्याबरोबर कालवलं की त्याची कोशिंबीर होते. कुरकुरीत, आंबट, तुरट, तेलकट असं सगळं एका घासात येतं. तुरटपणा लपवायची गरज नसते, त्याला तोलामोलाचे जोडीदार दिले की पुरे, हे या पदार्थाने मला सर्वांत नीट पटवून दिलं. दक्षिण चीनमधल्या हक्का लोकांच्या लेइ चामध्येही चहाची पानं शेंगदाणे, तीळ आणि पाल्याबरोबर वाटून भात-भाज्यांवर ओततात.

घरी करायचं तर अखंड, कोवळी, चांगल्या प्रतीची हिरवी पानं घ्या. दोन-तीनदा चहा काढून झालेली पानं मऊ पडतात. ती पिळून, थोडा सोया सॉस आणि लिंबाचा रस घालून खा. चीनच्या हांगझो शहरातल्या कोळंबीच्या पदार्थात लोंगजिंग या हिरव्या चहाची पानं अशीच परततात. काळ्या चहाचा चोथा मात्र चिवट आणि वाळूसारखा लागतो. तो खाण्यात अर्थ नाही.

टी बॅग चालते का?

अडीअडचणीला. कागद कापून पूड मोकळी करा आणि गाळून घ्या. काही पिशव्या चिकटवायला प्लास्टिक वापरलेलं असतं, त्यामुळे पिशवी तशीच रश्शात उकळत ठेवू नये.

लोखंडी भांड्यात चहा काळा का पडतो?

तुरट द्रव्यं आणि लोह यांच्या संयोगाने निळसर-काळा रंग तयार होतो. छोल्यांत तो हवासा असतो. भातात किंवा माशाच्या फिकट रश्शात नको असतो, तिथे स्टीलचं भांडं घ्या.

मुलांना, गरोदर बायकांना किंवा ॲनिमिया असलेल्यांना हे पदार्थ द्यावेत का?

शिजवल्याने कॅफीन नाहीसं होत नाही. हिशेब सोपा आहे. १० ग्रॅम पत्ती म्हणजे साधारण ४ कप चहा. तेवढ्या चहाचा रस्सा चौघांनी संपवला तर प्रत्येकाच्या पोटात एकेका कपाचं कॅफीन गेलं. रात्रीच्या जेवणाला असा रस्सा करताना हे लक्षात ठेवा. लहान मुलांसाठी आणि गरोदर बायकांसाठी कॅफीन काढलेला चहा घ्या, रंग आणि तुरटपणा त्यातही असतो. मुरवलेल्या अंड्यांत किंवा चहाच्या लोण्यात हे प्रमाण बरंच कमी राहतं.

लोहाचा मुद्दा जास्त महत्त्वाचा आहे. चहातली तुरट द्रव्यं कडधान्यं आणि पालेभाज्यांतलं लोह शरीरात शोषलं जाण्यात अडथळा आणतात. ज्यांचं हिमोग्लोबिन कमी आहे त्यांनी डाळी-कडधान्यांत चहा नेहमी घालू नये. सोबत लिंबू घेतलं तर त्यातल्या क जीवनसत्त्वाची थोडी मदत होते, पण ते औषध नव्हे.

पदार्थ कडू झालाच तर?

आधी मीठ चाखून बघा, अनेकदा तेवढंच कमी असतं. मग साय किंवा लोणी. मग चिमूटभर साखर किंवा परतलेला कांदा. लिंबू शेवटी, कारण आंबटामुळे तुरटपणा कधी कधी उलट जास्त जाणवतो. पाणी घालून पातळ करणं हा नाइलाजाचा उपाय.

उरलेला अर्क आणि तयार पदार्थ किती दिवस टिकतात?

गाळलेला अर्क झाकून फ्रिजमध्ये ठेवा आणि २ दिवसांत संपवा. बाहेर ठेवला तर त्याच दिवशी वापरा. गार होताना तो गढुळतो, ते बिघडल्याचं लक्षण नव्हे. कॅफीन आणि तुरट द्रव्यं एकत्र येऊन साका धरतो आणि तापवला की परत निवळतो. बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवलात तर हवे तेवढे खडे रश्शात टाकता येतात. ओल्या पानांवर मात्र लवकर बुरशी येते, ती त्याच दिवशी खा किंवा टाका. मुरवलेली अंडी काढ्यातून काढून ३-४ दिवस फ्रिजमध्ये राहतात. चहाचं लोणी आठवडाभर टिकतं, त्यात पत्तीचा कण राहिलेला नसेल तर.